पाच सेंटिमीटर वाटेची सत्त्वपरीक्षा

दुर्बीण होती, पण आकाशाकडे रोखलेली नव्हती. ती ज्या खोलीत होती तिथेच तारेच्या वेटोळ्यात एक लोहचुंबक टांगला होता, त्याला लहानसा आरसा बसवला होता आणि आरशात एका मोजपट्टीचं प्रतिबिंब दिसत होतं. २८ वर्षांचा एक प्राध्यापक दुर्बिणीला डोळा लावून ती पट्टी वाचत होता. शेजारी त्याची बायको वही घेऊन बसली होती. तो आकडा सांगे, ती लिहून घेई. वेटोळ्याच्या तारा पुढे जिथे पोचत होत्या तिथे एका चौकटीत बेडकाच्या पोटरीचा स्नायू टांगलेला होता आणि त्याला लागून बोटभर लांबीचा एक पांढरट धागा होता. तो मांडीतून पोटरीत उतरणारा मज्जातंतू.

साल १८४९, डिसेंबरची अखेर. शहर प्रशियाच्या पूर्व टोकाचं कोनिग्जबर्ग, म्हणजे आजचं रशियातलं कालिनिनग्राद. प्राध्यापक हेर्मान हेल्महोल्ट्झ आणि त्याची बायको ओल्गा. लग्नाला चारच महिने झाले होते. एवढ्या सगळ्या गोष्टींकडे एकट्याने लक्ष द्यायचं म्हटलं तर आपला पुरता गोंधळ उडतो, म्हणून ओल्गा टिपणं घेते, असं हेल्महोल्ट्झने मित्राला लिहिलेल्या पत्रात मोकळेपणाने कबूल केलं आहे.

त्या वहीतले आकडे एकाच प्रश्नाचा पाठलाग करत होते. मज्जातंतूतून संदेश जायला वेळ लागतो का? लागत असेल तर किती? उत्तर काही दिवसांतच मिळालं. त्यावर विश्वास का ठेवायचा, याचं उत्तर द्यायला मात्र पुढची अनेक वर्षं गेली. ही गोष्ट मुख्यतः त्या दुसऱ्या उत्तराची आहे.

न मोजता येणारा वेग

हेल्महोल्ट्झचे बर्लिनमधले गुरू योहान्नेस म्युलर हे त्या काळातले युरोपातले सर्वांत मोठे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी हा प्रश्न जवळजवळ निकालात काढला होता. मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग आपल्याला बहुधा कधीच मोजता येणार नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांचा मुद्दा साधा होता. प्रकाशाचा वेग मोजायला ग्रहताऱ्यांमधली अफाट अंतरं हाताशी असतात. प्राण्याच्या देहात तेवढी लांबी आणायची कुठून?

आधीच्या पिढ्यांनी अंदाज बांधले नव्हते असं नाही. १८व्या शतकातला स्विस वैद्य आल्ब्रेख्त फोन हालर याने व्हर्जिलचं काव्य भराभर मोठ्याने वाचून मिनिटाला किती अक्षरं उच्चारता येतात ते पाहिलं आणि त्यावरून हिशेब मांडला, अशी हकिकत सांगतात. त्याचा आकडा निघाला मिनिटाला ९००० फूट. दुसऱ्या कुणी ३२,४०० फूट म्हटलं. तिसऱ्या एकाने तर सेकंदाला ५७,६०० दशलक्ष फूट असा वेग काढला. तो प्रकाशाच्याही पुढे जातो. म्युलर यांनी असले आकडे एका ओळीत मांडून दाखवले, तेव्हा त्यांची निराशा समजण्यासारखी होती.

गंमत अशी की हालरचे मिनिटाला ९००० फूट म्हणजे सेकंदाला साधारण ४६ मीटर. आज आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्या हा आकडा चांगलाच जवळ आहे. तरीही म्युलर यांनी तो मानला नाही, आणि न मानण्यात त्यांची काहीच चूक नव्हती. आंधळ्याने मारलेला दगड फळाला लागला म्हणून त्याला नेमबाज म्हणत नाहीत. आकडा खरा निघणं वेगळं आणि त्यावर भरवसा ठेवायला कारण असणं वेगळं.

म्युलर यांचा लांबीचा मुद्दा मात्र १८४९ मध्येच लंगडा पडला. त्या वर्षी फ्रान्समध्ये इपोलित फिझोने दातेरी चाकाच्या मदतीने पॅरिस परिसरातल्या दोन ठिकाणांमधल्या साडेआठ किलोमीटरांच्या टप्प्यात प्रकाशाचा वेग मोजून दाखवला. लांबी कमी असेल तर वेळ बारीक मोजावा, हा त्यातला धडा. हेल्महोल्ट्झच्या वाट्याला साडेआठ किलोमीटरही नव्हते. त्याच्याकडे होते पाच-सहा सेंटिमीटर.

ज्या गावात चुकांचाही हिशेब होत असे

कोनिग्जबर्ग हे गाव या कामाला अगदी साजेसं होतं. ते इम्यान्युएल कांटचं गाव म्हणून जगाला माहीत असलं तरी मोजमाप करणाऱ्यांच्या दृष्टीने ते फ्रीड्रिख बेसेलचं गाव होतं. बेसेल तिथल्या वेधशाळेचा प्रमुख. तो १८४६ मध्ये वारला, पण त्याने लावलेली शिस्त गावात टिकून होती.

त्या शिस्तीमागे एका बिचाऱ्या मदतनीसाची गोष्ट आहे. १७९६ मध्ये ग्रिनिच वेधशाळेचा प्रमुख नेव्हिल मॅस्कलिन याने आपल्या हाताखालच्या किनब्रुकला कामावरून काढलं. तारा दुर्बिणीतल्या तारेवरून सरकण्याची वेळ तो मॅस्कलिनपेक्षा ०.८ सेकंद उशिरा टिपत होता, एवढाच त्याचा गुन्हा. पुढे ही नोंद बेसेलच्या वाचनात आली. त्याने स्वतःची वेळ इतर खगोलवेत्त्यांच्या वेळांशी ताडून पाहिली, तेव्हा त्याच्यात आणि दुसऱ्या एका निष्णात निरीक्षकात एक सेकंदाहून जास्त फरक निघाला. म्हणजे किनब्रुक आळशी नव्हता. प्रत्येक माणसाचं बघणं-ऐकणं-टिपणं आपापल्या चालीने चालतं, आणि दोन निष्णात माणसांची चालही सारखी नसते.

यातून बेसेल आणि त्याच्या परंपरेने चुकीकडे बघण्याची नजर बदलली. चूक ही लपवायची गोष्ट राहिली नाही, मोजायची गोष्ट झाली. एकच मोजमाप पुन्हा पुन्हा करायचं, आकड्यांची फेक किती आहे ते न्यूनतम वर्ग पद्धतीने काढायचं आणि उत्तरासोबत त्याची संभाव्य त्रुटीही लिहायची. ग्रहगणितात रुळलेला हा रिवाज जिवंत स्नायूवर लावण्याचं काम हेल्महोल्ट्झने केलं.

झोपाळ्याला धक्का

सेकंदाचा हजारावा भाग घड्याळात दिसत नाही. हेल्महोल्ट्झने त्यासाठी १८४४ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ क्लोद पुइये याने सुचवलेली युक्ती उचलली. झोपाळ्याला ओझरता धक्का दिला की तो किती वर जातो, यावरून धक्का केवढा होता ते कळतं. तसंच, वेटोळ्यातून क्षणभरच वीज सोडली तर चुंबक किती वळतो, यावरून वीज किती वेळ वाहिली ते काढता येतं. चुंबकाचं वळणं डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक असतं, म्हणून त्यावर आरसा आणि समोर दुर्बीण.

मांडणीची करामत पुढे होती. मज्जातंतूला विजेचा झटका बसे त्याच क्षणी वेटोळ्यातली वीज सुरू होई. झटका मज्जातंतूतून स्नायूपर्यंत पोचे, स्नायू आखडे, त्याच्या खाली टांगलेलं वजन किंचित वर उचललं जाई, आणि तेवढ्यानेच तारांचा सांधा तुटून वीज बंद पडे. घड्याळ सुरू करणारा झटका आणि बंद करणारा बेडूक! माणसाची नजर, हात, किनब्रुकची ती बदनाम दिरंगाई, यांतलं काहीच मध्ये येत नव्हतं.

पण या वेळेत मज्जातंतूचा वाटा किती? स्नायू स्वतःही तयार व्हायला वेळ घेतो. तो वेळ तर मज्जातंतूतल्या प्रवासाच्या कितीतरी पट मोठा. हेल्महोल्ट्झने शाळकरी पोराला जमेल असा उपाय केला: वजाबाकी. एकदा झटका स्नायूच्या अगदी जवळ द्यायचा, एकदा लांब, कमरेकडच्या टोकाला. दोन्ही वेळी स्नायू तोच, वजन तेच, यंत्र तेच. त्यामुळे दोन वेळांमधला फरक हा फक्त मधल्या पाच-सहा सेंटिमीटर वाटेचा.

तो फरक निघाला ०.००१४ ते ०.००२० सेकंद. वेगात मांडायचं तर सेकंदाला साधारण २५ ते ३८ मीटर. हवेतल्या आवाजाच्या वेगाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. आजच्या भाषेत बोलायचं तर एखाद्या एक्स्प्रेस गाडीइतका. ज्या संदेशाला लोक प्रकाशाचा भाऊबंद समजत होते, तो आगगाडीच्या चालीने निघाला.

बेडकावर भरवसा का ठेवायचा?

इथेच थांबला असता तर हेल्महोल्ट्झ हालरपेक्षा फार पुढे गेला नसता. बेडकाच्या साक्षीबद्दल शास्त्रज्ञांच्या मनात जुनी अढी होती. १७९१ मध्ये लुइजी गॅल्व्हानीने बेडकाचे पाय विजेने थरथरताना दाखवले आणि ही वीज प्राण्याचीच आहे असं जाहीर केलं. आलेस्सांद्रो व्होल्टाने तोच पाय तपासून सांगितलं की वीज दोन वेगळ्या धातूंच्या स्पर्शातून येते, बेडूक नुसता दाखवतो. पुढे दोघांच्याही म्हणण्यात तथ्य निघालं. पण शहाण्यांनी एक गाठ मनाशी बांधली: बेडकाचा पाय हलला म्हणजे काहीतरी घडलं एवढंच कळतं. काय घडलं, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

म्हणून हेल्महोल्ट्झने स्वतःच विरोधी पक्षाचा वकील व्हायचं ठरवलं. पहिली शंका थकव्याची. शरीरातून काढलेला स्नायू झटक्यागणिक दमत जातो आणि दमलेला स्नायू उशिरा आखडतो. आधी जवळची सगळी मोजमापं आणि नंतर लांबची सगळी घेतली, तर ‘लांबच्या’ खात्यात थकव्याचा वेळही जमा होईल. म्हणून जवळ, लांब, जवळ, लांब अशी आळीपाळीने मापं. थकवा दोन्ही पारड्यांत सारखाच पडावा.

दुसरी शंका जोराची. लांबून दिलेला झटका वाटेत कमजोर होत असेल, स्नायू त्याला कमी जोराने प्रतिसाद देत असेल आणि म्हणून वजन उचलायला उशीर होत असेल तर? मग तो उशीर प्रवासाचा नाही, अशक्तपणाचा. याला उत्तर म्हणून त्याने वजनं बदलून पाहिली आणि दोन्ही ठिकाणांहून मिळणारं आकुंचन सारख्याच जोराचं असेल तेव्हाच मापं एकमेकांशेजारी ठेवली.

तिसरी शंका उन्हाळ्या-हिवाळ्याची. बेडूक साठवले होते २ ते ६ अंशांत, खोली होती ११ ते १५ अंशांवर. हे आकडे त्याने पहिल्याच टिपणात नोंदवले, कारण मज्जातंतू गार केला की संदेश रेंगाळतो हे त्याच्या लक्षात आलं होतं. तापमान न सांगता वेग सांगणं म्हणजे कुठल्या तोळ्याने तोललं हे न सांगता सोन्याचं वजन सांगण्यासारखं.

आणि शेवटची शंका निव्वळ योगायोगाची. ओल्गाच्या वहीतला कुठलाही एक आकडा घेतला तर तो शेजारच्याशी जुळत नव्हता. मग हा हजाराव्या भागाचा फरक कशावरून खरा? इथे बेसेलच्या गावचा रिवाज कामी आला. आकड्यांच्या मालिकांवरून सरासरी आणि तिची संभाव्य त्रुटी काढली, आणि जवळ-लांब यांमधला फरक त्या त्रुटीहून पुरेसा मोठा आहे हे मांडून दाखवलं. प्राण्याच्या शरीरावरच्या प्रयोगात असा हिशेब तोवर क्वचितच कुणी पाहिला होता.

कुणालाच कळेना

१५ जानेवारी १८५० रोजी हेल्महोल्ट्झने एक छोटंसं टिपण बर्लिनला आपला मित्र एमिल द्यु ब्वा-रेमोंकडे पाठवलं. शोधावर आपला पहिला हक्क नोंदवला जावा, हा त्यातला हेतू. टिपण अकादमीपुढे ठेवण्याचं काम नेमकं म्युलर यांच्याकडे आलं. जे मोजता येणार नाही असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, तेच मोजल्याचा दावा त्यांच्याच शिष्याने केला होता.

द्यु ब्वा-रेमोंने परत पाठवलेलं उत्तर म्हणजे मैत्रीतल्या खरडपट्टीचा नमुना आहे. बर्लिनमध्ये हे काम कळलेला मी एकटाच, असं त्याने अभिमानाने आणि खेदानेही कळवलं. मित्राने इतकं आखूड आणि इतकं अंधुक लिहिलं होतं की वाचणाऱ्याला वजाबाकीची युक्तीच लक्षात येत नव्हती. म्युलर यांनाही प्रश्न पडला की स्नायूचा स्वतःचा वेळ यातून वगळला आहे की नाही. ८० वर्षांचे आलेक्झांडर फोन हुंबोल्ट तर बुचकळ्यात पडून टिपण पॅरिसला पाठवायलाच तयार नव्हते. शेवटी द्यु ब्वा-रेमोंने ते सुधारून दिलं तेव्हा कुठे फेब्रुवारीत ते फ्रेंच अकादमीपर्यंत पोचलं.

घरचा आहेर वेगळाच होता. हेल्महोल्ट्झचे वडील पोट्सडामला शाळामास्तर होते, तत्त्वज्ञानात रमणारे. मनात इच्छा आली आणि हात हलला, या एकाच जिवंत घटनेचे दोन क्षणांत तुकडे करायचे हे त्यांना रुचेना. विचार आणि त्याची शारीर क्रिया त्यांच्या लेखी एकाच वेळी घडत होत्या. मुलाने काढलेल्या सेकंदाच्या हजाराव्या भागात त्यांना आत्म्याच्या एकसंधपणाला पडलेली चीर दिसली असावी.

या साऱ्यातून हेल्महोल्ट्झ एक गोष्ट शिकला. आकडा तपासून घेतला की काम संपत नाही. आपण तो कसा तपासला हे समोरच्याला दिसलंही पाहिजे.

दोन रेघा

म्हणून त्याने दुसरं यंत्र बांधलं. पहिल्या यंत्राची सगळी भिस्त गणितावर होती, या दुसऱ्यात डोळ्यांना साक्षीला बोलावलं होतं. १८४७ च्या सुमारास कार्ल लुडविगने रक्तदाबाची नोंद फिरत्या ढोलावर आपोआप उमटवण्याची रीत काढली होती. तिच्याच वाटेने जात हेल्महोल्ट्झने काचेचं एक नळकांडं घेतलं, त्यावर काजळी धरली आणि ते फिरतं ठेवलं. स्नायू आखडला की त्याला जोडलेलं टोक काजळीत रेघ ओढे: आधी सपाट, मग चढ, मग उतार. टेकडीसारखी.

त्याच काचेवर झटका एकदा जवळून द्यायचा, एकदा लांबून. दोन टेकड्या उमटत. आणि त्या दोन टेकड्यांत हजार शब्दांचं उत्तर होतं. लांबून येणारा संदेश कमजोर असता तर दुसरी टेकडी बुटकी किंवा पसरट निघाली असती. ती तशी निघाली नाही. उंची तीच, चढ तोच, उतार तोच. फक्त ती सगळीच्या सगळी थोडी उजवीकडे सरकलेली. एक रेघ उचलून दुसरीवर ठेवली तर तंतोतंत बसेल अशी. अशक्तपणाची शंका एका दृष्टिक्षेपात मिटली.

१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने काजळीवरच्या या रेघा कागदावर उतरवून पॅरिसला धाडल्या आणि १८५२ मध्ये ही पद्धत सविस्तर छापली. याच कोनिग्जबर्गच्या मुक्कामात त्याने डोळ्याच्या आत पाहण्याचा आरसाही बनवला. नेत्रतज्ज्ञाच्या हातातल्या उपकरणाचं मूळ तिथे आहे, आणि त्या आरशाची कीर्ती बेडकाच्या रेघांपेक्षा कितीतरी आधी दूरवर पोचली.

माणसाने केलेली पंचाईत

बेडकावर जमलेलं माणसावर जमेल का? १८५० मध्येच त्याने ते करून पाहिलं. माणसाच्या कातडीला कधी शरीराच्या एका जागी, कधी दुसऱ्या जागी विजेचा चिमटा काढायचा आणि जाणवताक्षणी हाताने खूण करायला सांगायचं. दोन वेळांच्या फरकावरून वेग निघाला सेकंदाला ६० मीटरच्या आसपास.

त्या डिसेंबरात कोनिग्जबर्गमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याने श्रोत्यांना देवमाशाचं उदाहरण दिलं. एवढ्या मोठ्या जनावराच्या शेपटीला जखम झाली तर ती कळायला एक सेकंद लागेल, आणि शेपूट हलवण्याचा हुकूम परत पोचायला आणखी एक. श्रोत्यांची चांगलीच करमणूक झाली असणार. पण माणसावरच्या त्या आकड्याचा पाया बेडकासारखा भक्कम नव्हता. कातडीपासून मेंदूपर्यंतचा प्रवास आणि मेंदूपासून हातापर्यंतचा प्रवास यांच्यामध्ये मेंदूचा आपला कारभार होता, आणि तो दर वेळी वेगळा वेळ घेत होता. किनब्रुकचं भूत मागच्या दाराने पुन्हा आत आलं होतं. १८६०च्या दशकात इतरांनी अशीच मापं घेतली तेव्हा आकडे ६० च्या निम्म्यावरही आले.

मेंदूला वगळायचं कसं? १८६७ मध्ये हायडेलबर्गला हेल्महोल्ट्झ आणि त्याचा रशियन सहकारी बाक्स्ट यांनी माणसाच्या हातालाच बेडकाच्या पायाची वागणूक दिली. हात हलणार नाही असा पक्का बसवला. मज्जातंतूला एकदा मनगटापाशी, एकदा वर दंडाकडे झटका दिला आणि अंगठ्याच्या बुडाचा स्नायू कधी फुगतो हे यंत्राने टिपलं. माणसाने काही ठरवायचंच नव्हतं. वेग आला सेकंदाला ३४ मीटरच्या जवळपास. त्यांनी तेवढ्यावर हात झटकले नाहीत. १८७० पर्यंत त्यांनी दाखवून दिलं की गारठलेल्या हाताचा आकडा आणि उबदार हाताचा आकडा यांत फार मोठं अंतर पडतं.

आज निरोगी, उबदार हातातल्या त्याच मज्जातंतूचा वेग सेकंदाला ५० ते ६५ मीटर धरतात. म्हणजे कच्च्या रीतीने काढलेला ६० चा आकडा बरोबर निघाला आणि पक्क्या रीतीने काढलेला ३४ चा कमी पडला! पण ६० चा आकडा पुढे कुणाच्या उपयोगी पडला नाही, कारण तो बरोबर का आहे हे सांगणारं त्यात काही नव्हतं. ३४ च्या आकड्याने मात्र आपली खोट कुठे शोधायची ते बोट दाखवून सांगितलं: हाताच्या तापमानात.

दुसऱ्या वाटांनी तिथेच

एकाच माणसाने एकाच रीतीने हजारदा मोजलं तरी एक शंका उरतेच: रीतच चुकली असेल तर? तिचा खरा निकाल लागतो तो अगदी वेगळ्या वाटेने गेलेला माणूस त्याच मुक्कामाला पोचतो तेव्हा.

तो माणूस हेल्महोल्ट्झच्याच हाताखाली हायडेलबर्गला काम केलेला यूलिउस बर्नश्टाइन. १८६८ मध्ये त्याने स्नायूला बाजूलाच सारलं. मज्जातंतूच्या एका जागी झटका द्यायचा आणि दुसऱ्या जागी विजेत होणारा क्षणिक बदल पाहायचा. हा बदल द्यु ब्वा-रेमोंने आधी शोधला होता, पण तो इतका झटपट होता की त्या काळच्या गॅल्व्हानोमीटरला त्याचा आकार कळत नसे. बर्नश्टाइनने एक फिरतं चाक केलं. झटक्यानंतर नेमक्या ठरावीक क्षणी, तेही अगदी थोड्या काळापुरतं, ते गॅल्व्हानोमीटर जोडे आणि लगेच तोडे. चाक वेगाने फिरत राही, तोच बारीकसा काप पुन्हा पुन्हा गोळा होई, आणि मग पुढचा काप. असे काप जोडून त्याने विजेच्या लाटेचं चित्र उभं केलं. बेडकात या लाटेचा वेग आला सेकंदाला सुमारे २९ मीटर. वजन नाही, स्नायू नाही, काजळी नाही, तरी आकडा हेल्महोल्ट्झच्याच पंक्तीतला.

त्यानंतर अर्ध्या शतकाने ‘मज्जातंतूचा वेग’ हा प्रश्नच अर्धवट होता हे कळलं. १९२०च्या दशकात अमेरिकेत सेंट लुइसला जोसेफ अर्लँगर आणि हर्बर्ट गॅसर यांनी कॅथोड किरणांच्या नळीवर बेडकाच्या मज्जातंतूतली लाट पाहिली, तेव्हा ती एक नव्हतीच. एकाच मज्जातंतूत जाड-बारीक असंख्य तंतू असतात. जाड तंतू सेकंदाला कित्येक मीटर धावतात, सर्वांत बारीक तंतू मीटरभरही जेमतेम जातात. हेल्महोल्ट्झने मोजला होता तो या मिरवणुकीच्या सर्वांत पुढच्या रांगेचा वेग. या कामासाठी दोघांना १९४४ चं नोबेल मिळालं. जुना आकडा त्यामुळे खोटा ठरला नाही. तो कुणाचा आहे, हे नव्याने कळलं.

आणि १९५२ मध्ये ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी माखळीच्या जातीतल्या स्क्विड या प्राण्याचा जाडजूड तंतू घेऊन उलटी वाट धरली. तंतूच्या पडद्यातून सोडियम आणि पोटॅशियम कसे आत-बाहेर करतात हे आधी मोजलं, त्याची समीकरणं मांडली आणि नुसत्या गणिताने वेग काढला. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्स्लीने दांडा फिरवायच्या गणकयंत्रावर आकडेमोड केली. गणित म्हणालं, सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष मापलं तेव्हा निघाले २१.२. कोनिग्जबर्गच्या खोलीत जो वेग बेडकाने सांगितला होता, त्याचं कारण आता रसायनांच्या भाषेत कळू लागलं.

काजळीचा कागद

हेल्महोल्ट्झची वजाबाकी आजही रोज चालते. हातापायाला मुंग्या येणाऱ्या मधुमेही माणसाला डॉक्टर ‘एनसीव्ही’ ही मज्जातंतूच्या वेगाची तपासणी करून आणायला सांगतात. तंत्रज्ञ मनगटावर एक झटका देतो, कोपरावर एक देतो, मधलं अंतर टेपने मोजतो आणि वेळांतला फरक काढतो. हात गार असेल तर आधी तो उबदार करून घेतात, कारण हात एका अंशाने गार झाला की वेग सेकंदाला दोनेक मीटरने घसरतो. उंदरांवर नवं औषध तपासणारेही याच फेऱ्यातून जातात. शेपटीचं तापमान धरून ठेवलं का, वाढत्या वयाच्या उंदराचा वेग आपोआपच वाढतो ते हिशेबात घेतलं का, तेच माप त्याच जनावरावर पुन्हा घेतलं तर तेच येतं का? याची उत्तरं नसतील तर औषधाचा गुण आणि मोजण्याचा दोष यांत फरक करता येत नाही.

आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत हा प्रयोग कित्येक पिढ्यांनी हाताने केला. कायमोग्राफच्या, म्हणजे लुडविगच्या त्या यंत्राच्या, फिरत्या ढोलावर चकचकीत कागद ताणून बसवायचा, रॉकेलच्या ज्योतीच्या धुरावर त्याला काजळी धरायची, बेडकाचा स्नायू आणि मज्जातंतू जोडायचा, एक झटका जवळून, एक लांबून, आणि कागद लाखेच्या वार्निशात बुडवून वाळत घालायचा. आता बेडकांची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. बेडकांच्या दृष्टीने हे बरंच झालं.

त्या कागदावर दोन रेघांमधलं अंतर भरधाव ढोलावरही जेमतेम मिलिमीटरभर येई. पट्टी जरा सरकली की वेग दुप्पट किंवा निम्मा. परीक्षा जवळ आली की चतुर विद्यार्थी पुस्तकातला आकडा आधी वहीत लिहून मोकळा होई आणि मग मागे मागे जात अंतर आणि वेळ बसवून टाकी. उत्तर बिनचूक. गुणही पूर्ण मिळत. व्हर्जिल वाचणाऱ्या हालरलाही यापेक्षा बरं उत्तर मिळालं नसतं. शेजारचा कुणी मात्र खरंच दहादा पट्टी लावून २२, ३७, ३१, १९ असे बेशिस्त आकडे वहीत उतरवून बसलेला असे. ओल्गाच्या वहीशी नातं त्याच्या वहीचं होतं.